वनमाला मॅडमचा पेपर

"मॅडम, तुमी सोता हा धडा वाचून आलात का?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि नववीच्या अख्ख्या वर्गानं माना वर काढल्या. राजनंदिनीनं मागं वळून बघितलं. अस्मा आणि संस्कृती, ज्यांनी मधल्या सुट्टीत दोन पेरूंची पैज लावून तिला हे विचारायला भरीस घातलं होतं, त्या दोघी आता वहीत तोंड खुपसून बसल्या होत्या. जसं काही राजनंदिनी नावाच्या पोरीला त्यांनी जन्मात बघितलंच नव्हतं!

तसं बघितलं तर चूक सव्वीस जानेवारीची होती. त्या दिवशी झेंडावंदनाला राजनंदिनीनं सूत्रसंचालन केलं, सगळ्या पाली गावानं टाळ्या वाजवल्या, आणि त्या दिवसापासून तिच्या जिभेला काही लगामच राहिला नव्हता. त्याआधी हजेरीला "हजर मॅडम" म्हणतानाही तिचा आवाज फाटायचा.

आणि थोडी चूक मॅडमचीही होती. वनमाला मॅडम यंदाच शाळेत आलेल्या. त्यांचं एकच पालुपद : वाचा, पुस्तक मिटा, आणि काय वाचलं ते सांगा. सारांश! पोरं धडाच्या धडा घडाघडा म्हणून दाखवायची, तर मॅडम म्हणायच्या, "हे पुस्तकाचं झालं. तुझं काय?" मग पोरं गार. म्हणून तर पैज लागली, की ह्या तरी धडा वाचून येतात का बघू.

मॅडमनी हातातली पूरक वाचनाची पुस्तिका खाली ठेवली. ती कालच शाळेत आली होती.

"नाही वाचला," त्या म्हणाल्या. "आणि आता वाचणारही नाही. शुक्रवारी या मधमाशीच्या धड्यावर हेडसर पेपर काढतील. तो पेपर मी देणार, इथं, बाकावर बसून. त्याआधी तू मला धडा सांगायचा. पाच वाक्यांत. सहावं मी ऐकणार नाही."

"म्हंजे... तुमी नापास झालात तर?"

"तर तुझ्या सांगण्यात काहीतरी राहिलं असं समजू."

वर्ग हसला. राजनंदिनी मात्र पुस्तिकेत धडा शोधायला लागली.

संध्याकाळी प्रकरण आणखी वाढलं. पप्पा, म्हणजे तानाजीराव, पाली ते बीड रिक्षा चालवतात. गावातली कुठलीही बातमी त्यांच्या रिक्षात बसल्याशिवाय पुढं जात नाही.

"लई भारी!" ते चपला काढता काढताच म्हणाले. "माझ्या रिक्षातली बाई मलाच सांगती, तुमच्या शाळेतल्या मॅडम पुस्तकच वाचत न्हाईत म्हणं. पोरीनं भर वर्गात पकडलं. कोन पोरगी? तर माझी!"

"पप्पा, तसं न्हाई ते..."

"आता काय बी सांगू नको. सोमवारी बीडच्या क्लासला तुजं नाव घालतो. दहावीची बॅच सुरू व्हायलीय. ही शाळा निस्ती हजेरीपुरती. तितं सगळ्या नोट्स तयार मिळतेत. पोरांला धडा वाचायची बी गरज पडत न्हाई."

आई भाकरी थापत होती. "मग तितले मास्तर तरी वाचत्यात का न्हाई?" तिनं विचारलं.

"तू गप ग उज्ज्वला. रिझल्ट बघ त्यांचा."

राजनंदिनीला क्लासची तशी काही ॲलर्जी नव्हती. पण आपल्या एका आगाऊ प्रश्नानं मॅडमची गावभर अशी शोभा व्हावी, आणि त्याच कारणानं आपलं नाव क्लासला जावं? छे!

"पप्पा, शुक्रवारी मॅडम पेपर देनार हायत. मी सांगितलेल्यावर. पास झाल्या तर?"

पप्पा हसले. "मास्तरीण पास झाली तर बघू!"

म्हणजे आता सगळं पाच वाक्यांवर आलं होतं.

धडा होता दोन पानांचा. राजनंदिनीनं तो तीनदा वाचला आणि तिला त्यातलं प्रत्येक वाक्य महत्त्वाचं वाटायला लागलं. मधमाशीचे पंख, फुलांची नावं, शास्त्रज्ञाचं नाव, पोळं, सूर्य, नाच. यातलं काय ठेवायचं आणि काय फेकायचं? फेकलेल्यातलंच हेडसरांनी विचारलं तर?

त्या आठवड्यात मॅडम वर्गात वेगळाच धडा घेऊन बसल्या. फळ्यावर एक परिच्छेद लिहायचा आणि एकेकाला उठवून एकेक वाक्य पुसायला लावायचं. वाक्य पुसलं की वर्गाला विचारायचं, उरलेलं अजून उभं आहे का? पहिली दोन-तीन वाक्यं पुसली तरी काही बिघडायचं नाही. मग एखादं असं निघायचं की ते पुसल्यावर बाकीच्याला अर्थच राहायचा नाही. "हे ठेवा," मॅडम म्हणायच्या. "ज्याच्यावाचून बाकीचं कोसळतं ते ठेवायचं. बाकीचं कितीही गोड असू दे."

ऐकायला सोपं होतं. बुधवारी शाळा सुटल्यावर राजनंदिनी अस्मा आणि संस्कृतीला धरणाच्या बाजूच्या रस्त्यानं घेऊन गेली. त्या दोघींनी धडा वाचलेला नव्हता. पैज लावायला तेवढ्या पुढं!

"ऐका. मधमाशी नाचती."

"मंग?" संस्कृती म्हणाली.

"मंग काय? नाचती."

"कावून नाचती गं? लग्न हाय का तिचं?" अस्मानं विचारलं आणि दोघी फिदीफिदी हसल्या.

"दात काढू नका गं! माझा जीव चाललाय इतं." राजनंदिनीला खरंच रडू येत होतं. "तिला फुलं घावत्यात ना लांब कुठं, म्हनून. घरी येऊन ती नाचून सांगती, फुलं तिकडं हायत म्हनून."

"मंग असं बोल की सुरवातीलाच," अस्मा म्हणाली. आणि हसता हसता एकदम थांबून तिनं विचारलं, "पर तिकडं म्हंजे कुठं? बाकीच्यांला कसं कळतं?"

हा प्रश्न राजनंदिनीनं धड्याला विचारलाच नव्हता. पुस्तिका उघडून तिनं ते पान पुन्हा वाचलं, आणि पहिल्यांदाच तिला त्यात अक्षरांऐवजी माशी दिसली. सूर्याच्या कुठल्या बाजूला जायचं ते नाचाच्या दिशेवरून. किती लांब जायचं ते, ती अंग किती वेळ थरथरवते त्यावरून. पोळ्यात अंधार असतो, म्हणून बाकीच्या माश्या तिला डोक्यावरच्या मिशांनी चाचपून नाच ओळखतात.

"आई गं!" ती ओरडली. "आंधारात नाचती ती!"

घरी पोचेपर्यंत तिची पाच वाक्यं ठरली होती. अंधाराचं पाचवं.

गुरुवारी मात्र भीतीनं डोकं वर काढलं. पेपरात नावं विचारतात. आजवरच्या कुठल्या पेपरात नाव विचारलं नव्हतं? शास्त्रज्ञाचं ते जीभ वळेना असं परदेशी नाव सांगितलंच नाही, आणि हेडसरांनी तेच विचारलं तर मॅडमचे दोन मार्क गेले ना! तिनं वाक्यं बोटांवर पुन्हा पुन्हा मोजली. पाचच. सहावं मॅडम ऐकणार नव्हत्या. जेवतानाही ती बोटं मोजत बसली, तशी आई म्हणाली, "पोरीला ताप बीप हाय का बघा." शेवटी तिनं अंधाराचं वाक्य काढलं आणि त्या जागी नाव घातलं.

शुक्रवारी मॅडम खरंच पहिल्या बाकावर संस्कृतीशेजारी बसल्या. राजनंदिनी फळ्यापुढं उभी राहिली. आवाज कापला नाही. पाच वाक्यं झाली. शेवटचं नाव तर तिनं एकदाही न अडखळता घेतलं.

हेडसर, विठ्ठलराव सर, यांना हा सगळा प्रकार पोरखेळ वाटत होता. तरी त्यांनी पेपर काढला होता. पाच प्रश्न, दहा मार्क. मॅडम लिहीत होत्या तेव्हा वर्गातला एकही पोरगा हलत नव्हता. मधेच मॅडम थांबल्या. पेनचं टोपण चावू लागल्या. पुढं लिहिलं, खोडलं, पुन्हा थांबल्या. राजनंदिनीनं ओढणीच्या टोकाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

सरांनी तिथंच पेपर तपासला आणि मोठ्यानं वाचत गेले. माशी का नाचते, बरोबर. दिशा कशी कळते, बरोबर. अंतर, बरोबर.

"चौथा. पोळ्यात बाकीच्या माश्यांना नाच कसा समजतो? मॅडमनी लिहिलंय, बघून." सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "चूक. अंधार असतो तिथं. पाचवा, मिशांचा उपयोग काय? हा कोराच आहे. दहापैकी सहा."

नाव त्यांनी विचारलंच नव्हतं.

सर गेल्यावर मॅडम राजनंदिनीजवळ आल्या. रागात नव्हत्या, पण समजूत घालायलाही आल्या नव्हत्या.

"अंधाराचं तुला माहीत होतं?"

"पाचवं वाक्य तेच होतं मॅडम. मी काढलं."

"का?"

"नाव विचारत्याल म्हनून."

"ते नाव पुसलं असतं तर काय कोसळलं असतं?"

राजनंदिनीनं विचार केला. माशी नाचलीच असती. फुलं सापडलीच असती. "काईच न्हाई," ती म्हणाली. "आन आंधार काढला तर... तर नाच निस्ता बघायचा होतो. खोटाच होतो की!"

"बस," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी दुसरा धडा. कोण सांगणार ते सोमवारी ठरवू." आणि त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

संध्याकाळी रिक्षा दारात लागली तेव्हा बातमी अर्थातच आधीच आत बसून आली होती.

"साच?" पप्पांनी उंबऱ्यातूनच विचारलं. "दहापैकी सा? पास हायत म्हन, पर साच का? क्लासवाल्यांनी बाकीचं चार मार्काचं तयार लिहून दिलं असतं तुला. म्हनून म्हनतो, सोमवारी..."

"पप्पा, थांबा जरा. बसा. आई, तू बी ये."

आई पिठाच्या हातानंच बाहेर आली. राजनंदिनी दोघांसमोर उभी राहिली, वर्गात फळ्यापुढं उभी होती तशी.

"ते चार मार्क मॅडमचे न्हाई गेले, माझे गेले. मला समजलेलं मी काढलं आन पाठ केलेलं ठेवलं. क्लासमदी मला सगळं पाठ करायलाच मिळंल. म्हनून सोमवारी माजं नाव घालू नका. मी क्लासला जानार न्हाई. सोमवारी मी शाळेत सगळ्यात आदी हात वर करनार हाय, पुढचा धडा बी मॅडमला मीच सांगनार."