आवाजाचा रकाना

गुन्वोरच्या पुढ्यात कुणीतरी वेलदोड्याचा बन ठेवला.

"घे ना गं, ताजा आहे," समितीचा अध्यक्ष रूटगर म्हणाला. मग त्याला आठवलं. "अरे हो! कॉफीत बुडवून तरी?"

तिने हसून मान हलवली. गिळणं कसंबसं जमायचं. पण चारचौघांत ठसका लागला की लोक जी काळजी करत, ती तिला ठसक्यापेक्षा जड जाई.

उत्तरेकडच्या हेरियेदालनच्या रानात, उन्हाळी गोठ्यावर ती लहानाची मोठी झाली. तिथे गायींना दावं नसे. दावं म्हणजे बाईचा आवाज. संध्याकाळी ती उंबऱ्यात उभी राहून हाक घाली. उंच, बारीक, बर्चच्या शेंड्यांवरून सरकत जाणारी हाक. दरीपल्याडून लिल्या हंबरून उत्तर देई, मायरोस उत्तर देई, आणि घंटा किणकिणत सारा कळप घराच्या वाटेला लागे. आईची हाक तिने घेतली होती, आईने आजीची. मग घशात गाठ निघाली. किरणोपचारांनी गाठ गेली, आणि गाठीच्या शेजारपाजारचा आवाजही गेला. आता ओठ हलत, वारा निघे. त्याच उन्हाळ्यात गायी विकल्या. गाडीत चढता चढता मायरोस वळून थांबली होती, हाकेची वाट बघत.

किरणांची मात्रा आखणाऱ्या दीसाने नंतर तिला पडद्यावर दाखवलं होतं. "हे तुझं स्वरयंत्र. दक्षिणेत एके ठिकाणी ते वाचवून किरण सोडतात. आमच्याकडे नाही वाचवत."

का, असं गुन्वोरने कागदावर लिहिलं.

"कुणी विचारतच नाही, म्हणून."

विचारता यावं म्हणूनच दीसा देशभरातल्या किरणोपचारांची एक नोंदणी उभी करत होती. कुठल्या रुग्णालयात कुणाला किती मात्रा दिली आणि मागे काय उरलं, सगळं एका जागी. गुन्वोरला रुग्णांची प्रतिनिधी म्हणून समितीत तिनेच आणलं. "एक रकाना आवाजाचा," ती म्हणायची. "उपचारानंतर माणूस बोलतो का, एवढंच. मग कुणाला लपता येणार नाही."

तो रकाना राहणार की जाणार, ते आज ठरायचं होतं. सकाळी स्टॉकहोमच्या स्टेशनावर दीसाने तिला बजावलं होतं, "अध्यक्षाची हातोडी टेबलावर पडली की ठराव पक्का. त्याच्या आत 'नाही' ऐकू गेलं पाहिजे. तू फक्त माझी बाही ओढ. 'नाही' मी म्हणेन. मोठ्याने."

"निम्म्या रुग्णालयांकडे आवाजाची माहितीच नाही," रूटगर बोलत होता. "रिकामा रकाना देशासमोर टांगून घ्यायला कोण येईल? ते आले नाहीत तर नोंदणी बंद. दीसाची सहा वर्षं पाण्यात."

"आणि 'बोलतो का' हे मोजायचं कसं?" आकडेमोड सांभाळणारा टूरे म्हणाला. "माझी सासू बोलते. दुर्दैवाने."

हशा पिकला. मग सगळ्यांनी एकदम गुन्वोरकडे पाहिलं. तीही हसली, नसती हसली तर त्यांना वाईट वाटलं असतं.

"तर आवाजाचा रकाना वगळून सुरुवात करावी. मान्य?"

"हो." "हो." "हो."

गुन्वोरने बाही ओढली. दीसा समोर बघत राहिली. गुन्वोरने पुन्हा ओढली, जोरात. दीसाने कॉफीच्या किटलीकडे हात लांबवला आणि बाही बोटांतून निसटली.

"कुणाचा विरोध?"

गुन्वोरने तोंड उघडलं. वारा निघाला. ती हात वर करेपर्यंत हातोडी पडली होती.

"एकमताने," रूटगर म्हणाला.

तिने घाईघाईने 'माझा विरोध आहे' असं लिहून कागद पुढे सरकवला. रूटगरने चष्मा चढवून वाचलं. "अगं, हातोडी पडली ना! आधी सांगायचंस." आवाजात माया होती. "असू दे, इतिवृत्ताच्या परिशिष्टात जोडू."

दीसा तिच्या कानाशी वाकली. "आज अडवलं असतं तर काहीच उरलं नसतं, गुन्वोर. पुढच्या वेळी आणू. शब्द देते."

गुन्वोर तिच्या ओठांकडे बघत राहिली. शब्द किती सहज बाहेर पडतात.

मग दिवे मंद झाले. नोंदणीत चढलेला पहिला रुग्ण दीसाने भिंतीवर दाखवला; नाव अर्थातच झाकलेलं. बाई. घसा. मात्रा पूर्ण दिली. गाठ उरली नाही. पाच वर्षांनंतर जिवंत. इतर त्रास: काही नाही. ओळ हिरवी झाली, म्हणजे उपचार यशस्वी.

जन्मसाल गुन्वोरचं होतं. उपचार सुरू झाले तो आठवडाही तिचाच होता.

"पहिलीच ओळ, आणि हिरवीगार!" टूरे म्हणाला.

गुन्वोरने टेबलावर तळहात आपटला. पुन्हा आपटला. कप खणखणले.

रूटगरचा चेहरा उजळला. "बघा, बघा! टाळ्यांची सुरुवात गुन्वोरने केली!" तो उठून टाळ्या वाजवू लागला. मग बाकीचेही उठले. त्यांनी थांबावं म्हणून ती आणखी जोरात आपटत राहिली, आणि तिला साथ द्यायला तेही आणखी जोरात वाजवत राहिले.

दीसाचे हात तेवढे मांडीवर होते. तिला कळलं होतं. रूटगरने कौतुकाने तिच्याकडे बघत मान डोलावली, तेव्हा तीही उठली, आणि त्या हिरव्या ओळीवरची नजर न काढता टाळ्या वाजवू लागली.