पुन्हा बघ

मी अपघात विभागातली सोनोग्राफी मशीन बोलतेय. हो, तीच, चाकांवरची, पडद्याला तडा गेलेली. पोटातलं बाळ दाखवणारी माझी बहीण वरच्या मजल्यावर असते. तिच्याकडे लोक हसत येतात. माझ्याकडे मार खाऊन येतात.

मार लागलेल्याच्या पोटात नि छातीत रक्त साचलंय का, ते मी दाखवते. साचलेलं रक्त माझ्या पडद्यावर काळं दिसतं.

त्या दुपारी दोन भाऊ आले. गॅरेजमध्ये एका पान्यावरून जुंपली होती. धाकट्याने तोच पाना हाणून थोरल्याचं डोकं फोडलं. थोरल्याने जॅकची दांडी धाकट्याच्या बरगड्यांत घातली, दोनदा. थोरला रक्ताने न्हाला होता आणि शिव्या देऊन विभाग डोक्यावर घेत होता. धाकट्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी माझा प्रोब धाकट्याच्या पोटावर फिरवला. कुठेच काळं नाही.

"मी बराय हो. आधी दादाला बघा," धाकटा म्हणाला.

झालं! मला भिंतीला लावलं आणि सगळे दादाकडे धावले. रक्त हळूहळू साचतं, थोड्या वेळाने पुन्हा बघायचं असतं, हे बाईंना ठाऊक होतं. पण थोरल्याने वॉर्डबॉयच्या थोबाडीत मारली, डोक्याला घातलेले टाके उसवले, चौघांनी त्याला दाबून धरलं. त्या झटापटीत तास गेला. मला तोंड असतं तर बोंब मारली असती, अहो बाई, धाकट्याचे ओठ पांढरे पडलेत, बघा!

"बाई, हा गार पडलाय!" सिस्टर ओरडली.

प्रोब पुन्हा पोटावर आला. यकृताखाली काळंच काळं. स्ट्रेचर हलवायच्या आत हृदय थांबलं. सिस्टरने छाती इतकी दाबली की बरगड्या मोडल्याचा आवाज आला. शेवटी प्रोब हृदयावर ठेवला. ते हललं नाही.

थोरला उठला आणि त्याने मला लाथ घातली. "याच डबड्याने सांगितलं ना, काही नाही म्हणून!"

मेल्या, दांडी घातलीस तू आणि लाथ मला? मग तो माझ्या चाकांपाशीच कोसळला. "ऊठ रे, घे तो पाना, मार मला," म्हणत राहिला.

त्या लाथेने पडदा तडकला म्हणून मला भंगारात काढणार होते. बाईंनी काढू दिलं नाही. तड्याशेजारी त्यांनी चिकटपट्टी लावलीय, त्यांच्याच अक्षरात: 'पुन्हा बघ.'

मीही तेवढंच मागते. माझं 'काही नाही' त्या घटकेपुरतं असतं. ओरडणाऱ्याकडे खुशाल धावा, पण गप्प पडलेल्याच्या पोटावर मला परत ठेवा. परवा एका मुलीच्या पोटावर बाईंनी मला तीनदा ठेवलं. तिसऱ्यांदा काळं दिसलं. ती जगली.

धाकट्या, तुझ्या वेळी मी चार पावलांवर, चालूच होते रे.