खिशात राहिलेली टेप

मित्रांनो, मला पाहून हसू नका. मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मापं घेणारी. माझे आकडे पुसट झालेत, टोक वाकलंय आणि डबीत परत जाताना मी कुरकुरते. पण आज माझी मान खाली आहे ती म्हातारपणामुळे नव्हे, शरमेमुळे.

कारखान्यात पोलादाच्या पातळ पट्टीला पिवळा रंग देऊन, स्प्रिंगसकट डबीत कोंबून मला तयार केलं. दुकानातून मला उचललं ते पडदे शिवणाऱ्या एका बाईंनी. सगळे त्यांना पडदेवाल्या मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणते. त्यांच्याबरोबर मी किती घरं हिंडले! मावशी स्टुलावर चढून खिडकी वर मोजत, मधे मोजत, खाली मोजत. घरमालकीण कंटाळून म्हणे, "अहो, किती वेळा मोजाल?" मावशी म्हणत, "तुमची खिडकी वर एक आहे आणि खाली दुसरीच, त्याला मी काय करू?" मग मला थोपटून म्हणत, "माझी टेप खोटं बोलत नाही." तेव्हा मी अशी फुगायचे म्हणून सांगू!

पुढे मावशींचे पाय गेले. त्या चाकांच्या खुर्चीत बसल्या आणि मी बटणांच्या डब्यात जाऊन पडले.

मावशींचा मुलगा बस चालवतो. त्यांचं भाड्याचं घर वरच्या मजल्यावर होतं, आणि बाथरूम इतकं अरुंद की मावशींना उचलूनच न्यावं लागे. म्हणून तळमजल्यावर स्वतःचं घर घ्यायचं ठरलं. मावशींनी मला डब्यातून काढलं, आपल्या खुर्चीची रुंदी घेतली आणि सुनेच्या नेलपॉलिशनं माझ्या पात्यावर लाल रेघ ओढली. "बाथरूमचं दार या रेघेपेक्षा मोठं हवं. बाकी घर कसंही असो. मला माझं माझं जाता आलं पाहिजे रे," त्या मुलाला म्हणाल्या. त्यानं मला खिशात टाकलं.

घर विकणारे आजोबा एकटेच होते. त्यांनी स्वतः चहा केला, गेलेल्या पत्नीचा फोटो दाखवला, त्यांचे डोळे भरून आले. सून हळूच नवऱ्याला म्हणाली, "अहो, टेप काढा ना."

"गप्प बस ग. ते रडतायत आणि आपण त्यांच्या बाथरूमला टेप लावायची? बरं दिसतं का ते?" मग त्यानं दाराकडे नजर टाकली. "एवढी मोठी बस गल्लीबोळातून काढतो मी. एक दार कळायचं नाही होय मला?"

त्याचा हात खिशात माझ्यावरच होता, घामेजलेला. पण तो बाहेर आला नाही.

घरी मावशींनी विचारलं, "मोजलंस ना?"

"मोजलं आई. आरामात जाते खुर्ची."

खोटं तो बोलला, पण त्याच्या खिशात बसून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नव्या घरात पाऊल पडलं त्या दिवशी मावशी कौतुकानं स्वतःच चाकं ढकलत बाथरूमकडे गेल्या. खट्! खुर्ची अडली. त्यांनी ती मागे घेतली, सरळ केली, पुन्हा खट्! मावशींनी हात पुढे केला, "टेप दे." त्यांनी मला दारात ताणलं. लाल रेघ दोन बोटं बाहेर राहिली. "दोन बोटं," एवढंच त्या म्हणाल्या. मुलानं गवंड्याला बोलावलं. गवंडी येऊन पाहून गेला. एका बाजूला इमारतीचा खांब, दुसऱ्या बाजूला साऱ्या मजल्यांचे पाइप. भिंतीला हात लावायची सोय नव्हती.

मग हॉलच्या कोपऱ्यात एक पडदा आला. जन्मभर लोकांचे पडदे शिवणाऱ्या मावशींनी तो माझ्यानंच मापला. त्यामागे एक टब आणि एक भांडं. कुणी पाहुणा बसलेला असला आणि मावशींना पडद्याआड जावं लागलं, की सून टीव्हीचा आवाज मोठा करी. तेव्हा मुलगा काहीतरी निमित्त काढून बाहेर निघून जाई. मी खणात पडून ते सगळं ऐकत असे. मापासाठी जन्मलेली मी, आणि माप घ्यायच्या वेळी खिशात!

शेवटी ते घर विकायला काढलं. एक तरुण जोडपं बघायला आलं. चहा झाला. त्यातल्या मुलीचा हात टेप काढायला पर्सकडे गेला, तसे नवऱ्यानं डोळे वटारले. मावशींच्या मुलानं ते पाहिलं. तो उठला, खणातून मला काढून त्यानं त्या मुलीच्या हातात दिलं. "मोजा. लाजू नका. आधी बाथरूमचं दार मोजा." त्यांनी सगळं घर मोजलं, एकमेकांकडे पाहिलं, "कळवतो" म्हणून गेले, ते परत आलेच नाहीत.

"हातचं गिऱ्हाईक घालवलंत!" सून दारातूनच करवादली.

पडद्यामागून मावशींचा आवाज आला, "जाऊ दे ग. आज बस नीट काढली त्यानं."

इतक्या दिवसांत त्या यावर पहिल्यांदाच बोलल्या. मला मुठीत धरून तो तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मित्रांनो, मोठे होऊन घर घ्यायला जाल तेव्हा चहा जरूर प्या, घराचं कौतुकही करा. पण मला खिशातून बाहेर काढा. लाज वाटेल, वाटू द्या. ती चहाचा कप रिकामा होईपर्यंतच असते. माझ्या पात्यावरची लाल रेघ मात्र अजून पुसलेली नाही.