धुतलेले हात

लोटन डॉक्टरांनी छगनच्या हातातली सुरी काढून घेतली. सकाळपासूनची ही तिसरी वेळ.

"बघ, असं," ते म्हणाले आणि छगनला काही दिसायच्या आत मोतीबिंदू बाहेर काढून मोकळे झाले.

छगन बाजूला उभा राहिला. आठ महिन्यांपूर्वी अहमदाबादेहून नवा डॉक्टर होऊन आला, तेव्हापासून तो बाजूलाच उभा होता. सुरुवात त्याने करायची, आणि जरा अडखळला की लोटन डॉक्टरांचा हात मध्ये. शिकवायची त्यांची रीत एवढीच. शस्त्राचे ते जादूगार, पण दुसऱ्याच्या हातात शस्त्र दिसलं की त्यांचा धीर दोन श्वासही टिकत नसे.

छत्तीस सालचा डिसेंबर. सोमवारी त्यांना बदली होऊन रत्नागिरीला हजर व्हायचं होतं, आणि आज शुक्रवार. दवाखान्याच्या ओसरीवर नऊ माणसं बसली होती, काही थेट अक्कलकुव्याहून चालत आलेली. ते गेल्यावर येणाऱ्यांनी काय करायचं? आंधळं होऊन घरी बसायचं? चार दिवस डॉक्टरांना जेवण गोड लागत नव्हतं, आणि त्या रागात ते छगनवर आणखीच खेकसत होते.

"त्याच्या हातून एक तरी डोळा पुरा होऊ द्या," जुन्या नर्स निर्मलाबाई म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर तुमचे हात काय टपालाने येणार आहेत?"

"डोळा बिघडला तर?"

"तुमच्या हातून कधी बिघडलाच नाही?"

डॉक्टर हात धुवायला गेले. नेहमीपेक्षा दुप्पट वेळ बोटं घासत राहिले.

पुढची पाळी म्हसावदच्या म्हाताऱ्या दगूबाईची. टेबलावर निजताच म्हणाली,

"डाक्तर दादा, तूच कर हां. त्या नव्वा पोऱ्याले हात लाऊ देऊ नको."

"मीच करस, माय."

डोळा बधिर करायचे थेंब पडले आणि म्हातारीचं अंग ताठलं. धीर द्यायला डॉक्टर उशाशी वाकले, तर तिने चाचपडत त्यांचे दोन्ही हात पकडले. जन्मभर कापूस वेचलेली पकड ती. हात ओढावेत तर तिचं डोकं हलणार. आणि सोडवून तरी काय, धुतलेले हात बाटलेच होते. पुन्हा धुवेपर्यंत थेंबांचा असर ओसरायला लागला असता. निर्मलाबाईंनी काही न विचारता सुरी धुतल्या हातांनी उभ्या असलेल्या छगनला दिली.

डॉक्टरांच्या ओठांशी नेहमीची ओरड आली. पण ओरडलं तर म्हातारी दचकणार. त्यांनी ती गिळली.

"घाई नई, माय," ते हळूच म्हणाले. नजर छगनच्या बोटांवर. "अजिबात घाई नई. दम ले."

छगनने दम घेतला. सुरीचं टोक आत गेलं.

"आस्सं. हयूहयू. आते जराखं थांब."

छगन थांबला. टोक कुठे तिरकं होतंय, जोर कुठे जास्त पडतोय, सगळं डॉक्टरांना दिसत होतं. हात नुसते शिवशिवत होते. दर वेळी ते म्हातारीशी बोलले, आणि दर वेळी छगनने स्वतःच सुरी सरळ केली. शेवटी मोतीबिंदू अलगद बाहेर आला. हसावं की रडावं, छगनला कळेना.

पट्टी बांधून झाली.

"व्हई गयं, माय," डॉक्टर म्हणाले.

दगूबाईने हात सोडले नाहीत.

"तुन्हा दोन्ही हात ते मन्हा हातमा व्हतात. मंग सुरी कोनी चालाडी?"

छगनने सुरी अलगद ताटलीत ठेवली.

"मी आंधी शे, येडी नई. त्या पोऱ्याना हात माले समजनाबी नई. तुन्हाच थरथरी ऱ्हायंतात." मग ती म्हणाली, "भायेर मन्ही जेठानी बठेल शे. भलती घाबरस ती. तिना बी हात धर."

डॉक्टरांना लाज वाटली. आणि चार दिवसांत पहिल्यांदाच जरा हलकंही वाटलं.

दगूबाईच्या थोरल्या जावेला आत आणून टेबलावर निजवलं. निर्मलाबाईंनी उकळलेल्या पाण्याचा तांब्या उचलून डॉक्टरांच्या हातांपुढे धरला.

"छगनच्या हातावर ओता," लोटन डॉक्टर म्हणाले, आणि स्टूल ओढून जावेच्या उशाशी बसले.