परीक्षेचं मशीन

शीला माझी मैत्रीण. होती म्हणा.

आम्ही दोघी विठ्ठलवाडीला एकाच क्लासला कॉम्प्युटर शिकलो. रोजचं लोडशेडिंग! लाइट गेली की कमळाकर सर फळ्यावर खडूने स्क्रीन काढायचे आणि आम्ही बाकावर काड्यापेटीचा माऊस फिरवत एका सुरात म्हणायचो, "खाली डावीकडे स्टार्ट, वर प्रोग्राम्स, बाजूला अ‍ॅक्सेसरीज." हसू नका. डोळे मिटूनसुद्धा हात बरोबर जायचा.

पुढे शीला आनंदनगरच्या एका कंपनीत ऑफिसला टेम्पररी लागली. मी कॅम्प तीन वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापत बसले. एक दिवस तीच घरी आली. "यशू, आमच्याकडे एक परमनंट जागा निघालीये. परीक्षा आहे, तू पण दे."

मी तर तिला मिठीच मारली. विचारलं, "कॉम्प्युटर आपल्या क्लाससारखाच ना गं?"

"अगं, सगळं तेच. बिनधास्त ये."

परीक्षेला बसले नि बघते तर काय, स्टार्ट हा शब्दच नाही! कोपऱ्यात नुसता एक गोल. माय कॉम्प्युटर गायब. गोल दाबला तर बाजूला काही उघडेचना, सगळं एकाच खोक्यात वर-खाली सरकायला लागलं. एक पत्र टाईप करायचं होतं, मला ते कुठं करायचं तेच सापडेना. शेजारच्या मशीनवर शीलाचं खटाखट चाललेलं.

"नवीन विंडोज आहे, व्हिस्टा," परीक्षा घेणारे साहेब म्हणाले. "माहीत नव्हतं?"

रडतच बाहेर आले. हिशेब बघणारे अनंताकाका मला पाणी द्यायला उठले, आणि त्यांच्या स्क्रीनकडे माझं लक्ष गेलं. खाली डावीकडे, स्टार्ट!

"काका, तुमचं जुनं आहे?"

"छे गं, नवीनच. पण आम्हा म्हाताऱ्यांना जमेना, म्हणून शीलानं जुन्यासारखं दिसेल असं करून दिलं. सगळ्यांनाच दिलं. मिनिटाचं काम. परीक्षेची मशीनंही सकाळी तिनंच लावली."

आग लागो त्या हुशारीला! शीला रिक्षा स्टँडवर सापडली.

"अख्ख्या ऑफिसला करून दिलंस, आणि माझ्याच मशीनला तुझा हात लागला नाही? केसानं गळा कापलास गं!"

ती ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "एकटीची परीक्षा घेता येत नाही, अजून कोणीतरी आण, म्हणाले साहेब."

"मग आणायचीस कुणालाही! मीच का?"

"दुसरी कुणी चार ठिकाणी चौकशी करून आली असती, यशू. तू माझ्या शब्दावर येणार, हे मला माहीत होतं."

शेअर रिक्षा आली. ती आत चढली, आणि सवयीनं सरकून बसत म्हणाली, "ये ना." मी चालत निघाले.