नागिणीच्या गेरूची सहाण

मित्रांनो, देवघरात चंदन उगाळतात ती सहाण तुम्ही पाहिली असेल. मी तशीच एक जुनी सहाण आहे, पण चंदनाचा वास कसा असतो ते मला माहीत नाही. माझ्यावर जन्मभर गेरूच उगाळला गेला. म्हणून माझं मूळचं काळं अंग आता वाळलेल्या रक्तासारखं दिसतं.

अंबाडी गावाजवळच्या ओढ्यातला दगड घेऊन एका पाथरवटाने मला घडवलं. वर सपाट, मधे जराशी खोलगट. गावात सगळे ज्याला मोरूमामा म्हणत, त्याच्या आईला त्याने मला दिलं. ती बाई नागीण उतरवायची. नागीण म्हणजे इथे साप नव्हे. अंगाच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठतो, आगीसारखी जळजळ होते, कपडा टेकवत नाही. त्या दुखण्याला आपल्याकडे नागीण म्हणतात. पट्ट्याची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, अशी लोकांना भीती. म्हणून टोकांवर गेरूचा लेप लावून नागिणीची वाट अडवायची.

आईनंतर हे काम मोरूमामाकडे आलं. माणसं सकाळी तोंडात पाणीही न घेता ओटीवर येऊन बसत. मामा गेरू उगाळी आणि कोंबडीच्या पिसाने लेप लावी. कुणाकडून काही घेत नसे. घेतलं तर हातचा गुण जातो, असं त्याच्या आईने सांगून ठेवलं होतं. आणखी दोन नेम होते. लेप असेपर्यंत त्या जागी पाणी लावायचं नाही, आणि दवाखान्याची गोळी गिळायची नाही.

बहुतेक माणसं बरी होत. मग येऊन मला हळदकुंकू वाहत, नारळ ठेवत. मी मनातून फुलून जाई. नागीण पुष्कळदा आपली आपणच सुकते, हे मला ठाऊक नव्हतं आणि मामालाही नव्हतं.

मग एका सकाळी येसू आली. येसू मामाच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. ती शेलार गावी एका कारखान्यात लूमसाठी, म्हणजे यंत्रमागासाठी, कांड्या भरायची. कांडीवर सूत गुंडाळत राहायचं, तुटलं की टोक शोधून झटकन गाठ मारायची, असं ते डोळ्यांचं काम. तिच्या कपाळाच्या उजव्या बाजूला फोड आले होते. नाकाच्या शेंड्यावरही एक होता. सोबत तिचा नवरा दिनेश होता. तो लूमवर कामाला.

"मामा, नुसती आग पडलीय. काल शिफ्टलाही गेली न्हाय," येसू म्हणाली.

दिनेश हळूच म्हणाला, "मामा, काल सरकारी दवाखान्यात नेलती हिला. गोळ्या दिल्यात, फुकट. डॉक्टर बोलले, लगेच सुरू करा, न्हायतर डोळ्यात उतरंल. डोळ्याच्या डॉक्टरलाबी दाखवायला सांगितलंय."

मामाने पीस खाली ठेवलं. "मंग इथं कशाला आलाव? गोळीनं नागीण आत दडून बसते. गेरू नि गोळी एका अंगात राहत न्हाय."

"दोन्ही केलं तर?"

"एक बैल पुढं नि एक मागं जुंपून नांगर चालतो काय रं?"

ओटीवरची माणसं हसली. येसू नवऱ्यावर खेकसली, "तू गप ऱ्हा. तुला लूम कळतो, नागीण मामाला कळते. माझ्या आयशीची नागीण मामानंच उतरवली. तवा तू पाळण्यात व्हतास."

"डोळा तुझा हाय, मामाचा न्हाय," दिनेश पुटपुटला. मग तो गप्प बसला.

येसूने गोळ्यांची पट्टी पदराच्या टोकाला बांधली आणि डोळे मिटून कपाळ पुढे केलं. तीन सकाळी लेप झाला. फोड सुकायला लागले. मामा खूश झाला. पण उजवा डोळा सुजून लाल झाला होता, उजेड सोसवत नव्हता. मामा म्हणाला, "उष्णता भायेर पडते. पडू दे."

त्यानंतर येसू आली ती पाऊस सरताना. उजव्या बुबुळावर पांढरा डाग होता. मोठ्या इस्पितळात त्यांना सांगितलं, की नागिणीने डोळ्याला आतून जखम केली. गोळ्या पहिल्या तीन दिवसांत पोटात गेल्या असत्या, डोळा वेळेवर तपासला असता, तर बहुधा नजर वाचली असती.

"सूत दिसतं मामा, पण बोट टोकावर पडत न्हाय," येसू म्हणाली. "एका डोळ्यानं हात चुकतो. शेट बोलला, आता घरीच बस."

मामाने मला उचललं आणि परसात कुडाला टेकवून ठेवलं. आता माझ्यावर कोंबड्या बसतात.

येसू हल्ली मामाकडेच भाजीच्या वाफ्यांत राबते. परवा कोन गावाहून भूपेश नावाचा माणूस कमरेला नागीण उठली म्हणून मोटारसायकलवर आला.

"दवाखान्यात जा. गोळी घे," मामा म्हणाला.

"गोळी? मामा, तुमचा गुण गेला वाटतं! ऱ्हाऊ द्या, दुसरा बघतो."

येसू वाफ्यातून उठून आली. तिने तोंडावरचा पदर बाजूला केला. "जा दादा. पण आधी हे बघ. मामाचा गुण व्हता तवाचं हाय हे."

भूपेशने मान फिरवली आणि गाडी सुरू केली. तो दवाखान्याकडे वळला की दुसऱ्या लेपवाल्याकडे, ते मला परसातून दिसलं नाही.

मित्रांनो, नागीण हा कुणाचा कोप नाही. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू अंगात लपून राहतो आणि पुढे कधीतरी असा उठतो. त्याचं औषध महाग नसतं, सरकारी दवाखान्यातही मिळतं, पण ते लवकर पोटात जावं लागतं. घरात कुणाच्या अंगावर एका बाजूला असा पट्टा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला सांगा. डोळ्याजवळ असेल तर हट्टच धरा. उशीर झाला असला तरीही न्या. मोठी माणसं तुम्हाला हसतील, तुला काय कळतं म्हणतील. दिनेशलाही हसली होती. त्याचं खरं होतं, पण तो गप्प बसला. तुम्ही गप्प बसू नका.