तीन घमेली गाळ

आवड विचारल्यावर "वाचन" असं खरं उत्तर देऊन यशोवर्धननं आजवर तीन स्थळं घालवली होती. म्हणून बंगळुरात मल्लेश्वरमला उमाजीरावांच्या हॉलमध्ये उप्पीट खाताना तोच प्रश्न आला तेव्हा तो म्हणाला, "ट्राउट. रात्री तळ्यावर जाऊन धरायचा. स्कॉटलंडला होतो ना, तेव्हापासूनचा नाद."

स्कॉटलंडला तो होता, हे खरं. कंपनीनं एक उन्हाळाभर पाठवलं होतं. ट्राउटशी त्याची भेट एकदाच झाली, ती कँटीनमध्ये. तेव्हा ट्राउटच्या अंगावर लिंबाची फोड होती.

उमाजीरावांची मुलगी, संयोगिता, नाकातल्या नाकात हसली. ते हसू पाहून यशोवर्धनचा निकाल लागला. पुण्याहून इथं नोकरीला येऊन त्याला दोन वर्षं झाली होती, पण या शहरात मुक्काम वाढवावा असं पहिल्यांदाच वाटलं.

उमाजीरावांचे डोळे चमकले. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळुरात आलं आणि परत जायचं विसरलं. घरात मराठी टिकली होती, पण शेजारणीची उसनी वाटी परत द्यायची राहून जावी तशी बरीच कन्नडही घरात राहून गेली होती.

"गाळ कसला वापरता?" त्यांनी विचारलं.

मासे धरण्यात गाळाचं काय काम, हे यशोवर्धनला कळलं नाही. पण मासे धरण्यातलं त्याला काहीच कळत नसल्यामुळे तो दचकला नाही.

"काळा," तो म्हणाला. "मऊसर."

"मऊ? आणि लागतो किती?"

"तीन घमेली तरी."

उमाजीरावांनी बशी खाली ठेवली. "एका रात्रीत?"

"मासे मोठे असतात, काका."

आता उमाजीरावांना गप्प बसवेना. "मोठे? आमच्या बेळ्ळंदूरच्या तळ्यात येऊन बघा. कुणा गोऱ्या साहेबानं सोडलेला ट्राउट आहे तिथं. मी स्वतः धरलाय. दोन्ही हातांनी उचलावा लागला."

त्यांच्या पत्नी मथुराबाई हे ऐकून लगबगीनं स्वैपाकघरात गेल्या.

"शनिवारी रात्री जाऊ," उमाजीराव म्हणाले. "तुम्ही ट्राउट धरून दाखवा, मग साखरपुड्याचं बोलू."

शनिवारी यशोवर्धन रिक्षातून उतरला तो एक फावडं आणि तीन घमेली घेऊन. उमाजीरावांनी घमेल्यांत डोकावून पाहिलं. ती रिकामी होती. 'तिकडची पद्धत असेल' असं म्हणून त्यांनी ती शेजाऱ्याच्या अॅम्बॅसडरमध्ये चढवली. संयोगिता थर्मास घेऊन आधीच मागे बसली होती.

"तू कशाला गं?" उमाजीरावांनी विचारलं.

"मला बघायचंय, अण्णा. असं रोज कुठं बघायला मिळतं?"

बेळ्ळंदूरला पोचेपर्यंत गावात निजानीज झाली होती. तळ्याला वास येत होता; शहर वाढत असल्याची ती पहिली खूण होती. उमाजीरावांनी काठी सरसावली, गांडूळ लावलं आणि दोरी पाण्यात सोडली. शेजारी यशोवर्धननं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, काठावरचा चिखल फावड्यानं घमेल्यात भरला आणि धप्पकन पाण्यात ओतला.

"हे काय करताय?"

"गाळ टाकतोय, काका."

दुसरं घमेलं पडलं. तिसरं पडायच्या आत संयोगितेनं थर्मास खाली ठेवला, कारण तिला हसताना तो धरवेना.

"अण्णा, पुण्याकडे गाळ म्हणजे चिखल! आपल्या गाळाला ते गळ म्हणतात."

उमाजीरावांनी काठीच्या टोकाकडे पाहिलं, मग घमेल्याकडे. "म्हणजे स्कॉटलंडात..."

"कँटीनमध्ये," यशोवर्धन म्हणाला. "लिंबू लावून." साखरपुडा त्याच्या डोळ्यांदेखत गाळात चालला होता.

तेवढ्यात काठी वाकली. उमाजीरावांनी ओढली, आणि गळाला लागलेलं ते धूड यशोवर्धननं दोन्ही हातांनी कवटाळलं. माशानं काटा मारला तसा यशोवर्धन आईच्या नावानं ओरडला, पण सोडलं नाही. संयोगितेनं बॅटरी मारली. माशाला उमाजीरावांपेक्षा लांब मिशा होत्या.

"ट्राउट," उमाजीराव म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

यशोवर्धननं मासे धरले नव्हते, पण कँटीनमधला ट्राउट डोक्यासकट आला होता. त्याला मिशा नव्हत्या. त्यानं उमाजीरावांकडे पाहिलं. म्हाताऱ्यानंही जन्मात ट्राउट पाहिला नव्हता, आणि हे आता तळ्याकाठी तिघांनाही कळलं होतं.

"असतात," यशोवर्धन म्हणाला. हाताला ठणका लागला होता. "इकडच्या ट्राउटला स्वल्प मिशा असतात."

उमाजीरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "आणि एवढ्या मोठ्याला," ते म्हणाले, "तीन घमेली लागणारच."

"मांगूर आहे तो," संयोगिता म्हणाली. दोघांनीही ऐकलं नाही. "बरं, साफ कोण करणार?"

"मी."

"येतं?"

"स्कॉटलंडला रोज करायचो."

ती पुन्हा नाकातल्या नाकात हसली आणि कॉफी ओतून त्याच्या सुजलेल्या हाताऐवजी चांगल्या हातात दिली.

"सरी, ठरलं तर," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी आईबाबांना घेऊन या. घमेली आणू नका."